३१८ हा आकडा आणि तिसरी पाळी

पत्र

डॉक्टर, माझं वय २९. मूळचा सांगली जिल्ह्यातला, चाकणला एका कारखान्यात नोकरीला आहे. तिन्ही पाळ्या फिरत्या. चार वर्षं जिम करतो, आठवड्यातून सहा दिवस, खाडा नाही. चार महिन्यांपूर्वी कटिंग, म्हणजे चरबी उतरवायला कमी खाणं, सुरू केलं. १४०० कॅलरी मोजून खातो: ओट्स, अंड्याचा फक्त पांढरा भाग, उकडलेलं चिकन, काकडी. भाकरी-भात बंद. ७८ किलोवरून ६९ वर आलो. पण पोटावरचा शेवटचा थर जात नाही, उलट दंड बारीक झाले. जिममधल्या मशिनवर फॅट १८ टक्के येतं. दोन महिन्यांपासून सतत थकवा, चिडचिड, आणि लिहायला लाज वाटते, पण बायकोजवळ जावंसं वाटत नाही. ट्रेनरने टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक (हार्मोन), तपासायला लावलं. तिसरी पाळी करून आलो त्याच दिवशी दुपारी चारला रक्त दिलं. ३१८ आलं. ट्रेनर म्हणतो, तुझ्या वयाला सातशे-आठशे हवं, नॅचरल राहून तुझं काही होणार नाही. दहा आठवड्यांचा इंजेक्शनचा कोर्स सांगितलाय, सहा हजार आगाऊ घेतलेत, पुढच्या सोमवारी पहिलं इंजेक्शन. लग्नाला दीड वर्ष झालं, घरात मुलाचा विषय चालू आहे. यातलं घरी कुणालाच माहीत नाही. ३१८ म्हणजे मी पुरुष म्हणून कमी आहे का? इंजेक्शन घेऊ का? की अश्वगंधा, गोखरूवर भागेल? दिलेल्या पैशांचं काय करू? धाकटा भाऊ समजून खरं सांगा.

चाकणहून एक वाचक

उत्तर

सोमवारी जाऊ नकोस. हे पत्र छापून येईपर्यंत पहिलं इंजेक्शन घेऊन झालं असेल, तर दुसरं घेऊ नकोस. धाकटा भाऊ समजून सांगा म्हणालास, म्हणून सरळ अरेतुरेवर आलोय. आता कारणं सांगतो. थोडी लांबतील, कारण तुझ्यासारखी पत्रं वर्षभर येताहेत, आणि प्रत्येकात मुलगा तुझ्यासारखाच कष्टाळू असतो.

आधी तुला सगळ्यात जास्त टोचलेला प्रश्न. ३१८ म्हणजे कमी पुरुष नव्हे. २०१७ साली अमेरिका आणि युरोपातल्या चार मोठ्या पाहण्यांमधले नमुने एकाच मापाला आणून तरुण पुरुषांची पातळी ठरवली गेली. वय १९ ते ३९ आणि लठ्ठपणा नाही, अशा पुरुषांत शंभरातल्या पंचाण्णव जणांचं टेस्टोस्टेरॉन २६४ ते ९१६ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर या पट्ट्यात आलं. तुझे ३१८ या पट्ट्यात आहेत, पण खालच्या अंगाला. सातशे-आठशे ही ट्रेनरने सांगितलेली 'हवीच' अशी पातळी कुठल्याही वैद्यकीय निकषात नाही. अर्थात ३१८ म्हणजे उत्तम, असं सांगून तुला वाटेलाही लावणार नाही. अंगात लक्षणं आहेत, आकडा खाली आहे, तेव्हा तो तसा का आला हे पाहायलाच हवं. आणि ते तुझ्याच पत्रात लिहिलेलं आहे, फक्त तू ते दोन वेगवेगळ्या ठिकाणी लिहिलंस.

पहिलं ठिकाण: 'तिसरी पाळी करून आलो त्याच दिवशी दुपारी चारला रक्त दिलं.' टेस्टोस्टेरॉन दिवसभर सारखं नसतं. झोपेत चढतं, सकाळी सगळ्यात जास्त असतं, मग उतरत जातं. तिशी-चाळिशीतल्या पुरुषांत सकाळी आठला असतं त्यापेक्षा दुपारी चारला ते २० ते २५ टक्क्यांनी कमी भरतं. त्यात पोटात अन्न असेल तर आणखी उतरतं. नुसतं ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजलं तरी जवळपास पाव भागाने खाली येतं. म्हणूनच हा तपास सकाळी, उपाशीपोटी, आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करायचा असतो. तुझं रक्त घेणाऱ्या मुलाने एवढं विचारायला हवं होतं की रात्री झोपलास का. नाही विचारलं. तुझ्या त्या कागदावर तुझ्या शरीराचा अंदाज कमी आणि रात्रपाळीचा जास्त उमटलाय.

आणि झोप ही फक्त तपासापुरती गोष्ट नाही. शिकागो विद्यापीठात २०११ साली दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री फक्त पाच तास झोपू दिलं. सगळे धडधाकट, विशीतले. तेवढ्या एका आठवड्यात त्यांचं दिवसाचं टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घसरलं. तू तीन पाळ्यांत किती वर्षं काम करतोस, हे पत्रात लिहिलं नाहीस. पण तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दिवसा किती झोपतोस हे मला अंदाजाने कळतं, कारण तुझ्याच भागातले कितीतरी कामगार माझ्याकडे येतात. पत्र्याचं छप्पर, खाली वाहनांचा आवाज, दाराशी कुरिअरवाला. चार तास मिळाले तर नशीब. आणि तसं झोपून तू संध्याकाळी जिमला जातोस.

दुसरं ठिकाण: १४०० कॅलरी. आता जरा हिशोब करू. तुझं वजन ६९, मशिनचे १८ टक्के खरे धरले तर साडेबारा किलोच्या आसपास चरबी आणि उरलेले साडेछप्पन्न किलो म्हणजे स्नायू, हाडं, अवयव, पाणी. जिममध्ये दिवसाला साडेतीनशे कॅलरी तरी जात असतील. म्हणजे बाकी शरीर चालवायला उरल्या १०५०. साडेछप्पन्नने भागलं की चरबी सोडून उरलेल्या प्रत्येक किलोला १८-१९ कॅलरी येतात. निरोगी शरीराला साधारण ४५ लागतात. ३० च्या खाली गेलं की संप्रेरकं विस्कटायला लागतात, असं स्त्री खेळाडूंवरच्या प्रयोगांत दिसलंय. पुरुषांत ही रेघ थोडी खाली असेल, पण १८ ही कुणासाठीही उपासमारच. ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये याच अवस्थेला खेळाडूंमधला वेगळा आजार म्हणून मांडलं, आणि त्यात पुरुषांचाही समावेश केला.

शरीराच्या दृष्टीने विचार कर. मेंदूच्या तळाशी एक केंद्र आहे. ते खालच्या पिट्युटरी ग्रंथीला सांगतं, पिट्युटरी एलएच नावाचं संप्रेरक सोडते, आणि ते वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला लावतं. अन्न कमी, झोप कमी आणि कष्ट भरपूर असे दिवस आले की हे केंद्र आवाज खाली करतं. दुष्काळात वंश वाढवायची घाई करू नये, हा त्याचा जुना शहाणपणा. बायकोजवळ जावंसं वाटत नाही म्हणालास ना? ती तुझ्या पुरुषपणातली खोट नाही रे. तुझं शरीर चार महिने दुष्काळात आहे आणि ते तसं वागतंय.

यावर मला माहीत असलेलं सगळ्यात बोलकं उदाहरण २०१३ साली प्रसिद्ध झालं. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा एक नॅचरल बॉडीबिल्डर, म्हणजे कसलंही औषध न घेणारा. स्पर्धेआधी सहा महिने आणि नंतर सहा महिने त्याची मापं घेत राहिले. स्पर्धेच्या तयारीत त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ वर आली, आणि टेस्टोस्टेरॉन ९२२ वरून २२७ वर. हो, २२७. तुझ्या ३१८ पेक्षा खाली, आणि व्यासपीठावर उभा राहिला तेव्हा सगळ्यात 'मर्दानी' तोच दिसत असणार. चिडचिड आणि मनाची अस्वस्थता मोजणारी प्रश्नावली त्याला भरायला दिली होती, तिचा आकडा ६ वरून ४३ वर गेला. ताकद उतरली. स्पर्धा झाली, तो जेवायला लागला, आणि सहा महिन्यांत टेस्टोस्टेरॉन ९९१ झालं. कुणी त्याला इंजेक्शन दिलं नाही. ताकद मात्र सहा महिन्यांनंतरही पूर्ण परतली नव्हती.

अमेरिकी सैन्याच्या रेंजर शिक्षणक्रमातही हेच आढळलं. आठ आठवडे, तुटपुंजं अन्न, तीन-चार तासांची झोप, अखंड पायपीट. निवडक धट्टीकट्टी पोरं, आणि त्यांचं टेस्टोस्टेरॉन अगदी तळाला गेलं. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: मधल्या काही दिवसांत त्यांना पुरेसं जेवण मिळालं, तेव्हा झोपेची मारामार आणि कष्ट तसेच असूनही टेस्टोस्टेरॉन पटकन वर आलं. तुझ्या हातात काय आहे, हे यावरून कळतं. पाळी बदलणं तुझ्या हातात नाही. ताट आहे.

इथे एक गोंधळ होतो, तो दूर करतो. 'वजन कमी केलं की टेस्टोस्टेरॉन वाढतं' हे तू ऐकलं असशील, आणि तेही खरंच आहे. ढेरी सुटलेल्या, शंभर किलोच्या माणसात चरबीतलं एक विकर (एन्झाइम) टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन करत राहतं. शिवाय रक्तात टेस्टोस्टेरॉन वाहून नेणारं प्रथिन घटतं, म्हणून एकूण आकडा खाली येतो. असा माणूस वीस किलो उतरला की आकडा आपोआप चढतो. पण हा सल्ला त्याच्यासाठी आहे. तू ७८ किलोवरही त्या गटात नव्हतास. त्याला जे औषध, ते तुला विष झालं.

माझं लहानपण कोल्हापुरात गेलं. घरामागच्या बोळात तालीम होती. पहाटे जोर-बैठकांचा आवाज, मग तांबड्या मातीतली लढत, आणि मग खुराक. बदाम घोटून केलेली थंडाई, दूध, तूप, रविवारी मटण. आणि दुपारी आम्ही पोरं लपाछपी खेळताना तालमीत डोकावलो की सगळे पैलवान ओळीने डाराडूर झोपलेले. वस्ताद आम्हाला हाकलायचे, आवाज करू नका म्हणून. मेहनत चुकवली तर ते जेवढे रागवायचे तेवढेच दुपारची झोप चुकवली तर. त्यांना टेस्टोस्टेरॉन हा शब्द ठाऊक नव्हता. मेहनत, खुराक आणि झोप यांतलं एक काढलं की पोरगं बसतं, एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. तुझ्या जिमने तालमीतून फक्त मेहनत उचलली.

आता दंड. ते बारीक झाले ते आकडा ३१८ आहे म्हणून, असं ट्रेनरने तुझ्या मनात भरवलंय. ते तसं नाही. टेस्टोस्टेरॉन नैसर्गिक पट्ट्यात असेल, तर ते ४०० आहे की ७००, यावरून कुणाचे स्नायू किती वाढतील हे सांगता येत नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने हे पुन्हा पुन्हा तपासलं. ४९ तरुणांना बारा आठवडे वजनं उचलायला लावली; कुणाचे स्नायू जास्त वाढले आणि कुणाचे कमी, याचा रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनशी संबंध लागला नाही. स्नायूंच्या आत ते संप्रेरक पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) किती आहेत, त्याच्याशी लागला. व्यायामानंतर अर्धा तास जो चढ येतो, ज्याच्यासाठी 'आधी पाय मार, मग हात' असं जिममध्ये शिकवतात, तो चढही त्यांनी तपासला. हातांवर काही फरक नाही.

माणसामाणसांत फरक किती असतो ते ऐक. अमेरिकेत ५८५ जणांनी एका दंडाचा सारखाच व्यायाम बारा आठवडे केला. कुणाच्या दंडाचा स्नायू ५९ टक्के वाढला, कुणाचा २ टक्के घटला. तुझ्या शेजारी व्यायाम करणारा पोरगा तुझ्या अर्ध्या वेळात फुगत असेल, तर त्याची मुळं इथे असू शकतात. (किंवा सुईत. त्याबद्दल पुढे बोलतो.)

बोलिव्हियाच्या जंगलात त्सिमाने नावाचे लोक राहतात. शेती करतात, मासे पकडतात, झाडं तोडतात. तिथल्या पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन अमेरिकी पुरुषांपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने कमी आहे. अंगाने सडपातळ, दिवसभर कामाला कणखर. त्यांना कुणी 'लो टी', म्हणजे टेस्टोस्टेरॉन कमी असलेले, म्हणायला गेलं नाही. इकडे युरोपातल्या सर्वोच्च पातळीच्या खेळाडूंचे नमुने स्पर्धेनंतर दोन तासांच्या आत घेतले, तर जवळपास १६.५ टक्के पुरुष नेहमीच्या पट्ट्याच्या खाली निघाले. स्पर्धेचा थकवा त्यात आहे, हे खरं. पण देशाच्या संघात पोचलेले ते पुरुष आहेत, आणि त्या क्षणी त्यांचा आकडा तुझ्याहून खाली आहे.

मग इंजेक्शन. तुझ्याशी खोटं बोलणार नाही: इंजेक्शनने स्नायू वाढतात. १९९६ साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात पुरुषांना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनन्थेट दिलं, म्हणजे खऱ्या कमतरतेवर देतात त्याच्या सुमारे सहापट. ज्यांनी इंजेक्शन घेतलं आणि व्यायाम केलाच नाही, त्यांचं चरबीविरहित वजन ३.२ किलोने वाढलं. ज्यांनी खोटं इंजेक्शन घेतलं आणि मन लावून व्यायाम केला, त्यांचं सुमारे २ किलोने. दोन्ही केलेल्यांचं ६.१ किलोने. मोबाइलवर जी शरीरं बघून तू स्वतःला कमी समजतोस त्यांतली बरीचशी याच गणितातली आहेत. त्यांची तुलना तुझ्या ३१८ शी नाही आणि सातशेशीही नाही. तो पट्टाच वेगळा आहे, निसर्गात तो कुणालाच मिळत नाही. औषध न घेता दहा आठवड्यांत दोन किलो, हा निरोगी माणसाचा खरा वेग. चार वर्षं जिम केलेल्याला त्याहून कमीही मिळेल. यात निराश होण्यासारखं काही नाही. फक्त ट्रेनरने तुला हे पहिल्या दिवशी सांगायला हवं होतं.

आता याची किंमत. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूतलं ते केंद्र म्हणतं, माल भरपूर आहे, कारखाना बंद करा. एलएच थांबतं. वृषणं आक्रसायला लागतात. आणि शुक्रजंतू बनायला वृषणांच्या आत रक्तापेक्षा कितीतरी पटीने जास्त टेस्टोस्टेरॉन लागतं, ते तिथे तयार होणंच बंद झाल्यावर शुक्रजंतूही थांबतात. जागतिक आरोग्य संघटनेने पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून हेच इंजेक्शन तपासलं होतं. आठवड्याला २०० मिलिग्रॅम. सहा महिन्यांच्या आत निम्म्याहून अधिक पुरुषांच्या वीर्यात एकही शुक्रजंतू उरला नाही. तुझ्या ट्रेनरने किती डोस सांगितलाय हे तू लिहिलं नाहीस, पण जिममध्ये २०० वर कुणी थांबत नाही. म्हणजे घरात मुलाचा विषय चालू असताना तू गुपचूप गर्भनिरोधक सुरू करायला निघाला होतास. हे तुला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी इतक्या उघडपणे लिहितोय.

बंद केल्यावर बहुतेकांचं परत सुरू होतं. पण महिने जातात, काहींना वर्षाहून जास्त लागतं. कोर्स संपल्यावर बाहेरचं थांबलेलं आणि आतलं सुरू न झालेलं, असे जे महिने येतात ते मी माझ्या दवाखान्यात पाहिलेत: अंगात त्राण नाही, इच्छा मेलेली, मन काळवंडलेलं. त्या खड्ड्यातून निघायला पोरं दुसरा कोर्स घेतात. मग तिसरा. रक्त घट्ट होणं, चांगलं कोलेस्टेरॉन घसरणं, रक्तदाब, हृदय, ही यादी तू कुठेही वाचशील. शिवाय हे औषध डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, तेव्हा जिमच्या लॉकरमधल्या त्या कुपीत आत काय आहे याची हमी कुणाकडे नाही.

१८ टक्क्यांबद्दल. हातात धरायच्या किंवा पायाखालच्या मशिनमध्ये बारीक वीज सोडून अंगातल्या पाण्याचा अंदाज घेतात आणि त्यावरून चरबी काढतात. सकाळी पाणी पिऊन उभा राहिलास तर एक आकडा, घाम गाळून उभा राहिलास तर दुसरा. दोन-चार टक्क्यांचा फरक नुसत्या पाण्याने पडतो. पण समज, १८ खरे आहेत. २००४ साली पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन संशोधकांनी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. शेजारी शेजारी उभे, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अगदी सारखा. चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या त्यांच्या कामातून जगाला कळलं, आणि त्याची सुरुवात आईच्या पोटातच होते हेही. तेव्हा परदेशी पोराची १० टक्के चरबी आणि तुझी १८, यातला काही भाग तुझ्या आजी-पणजीपासून चालत आलाय. तो उपाशी राहून पुसता येणार नाही. तसा प्रयत्न केला की दंड जातात आणि पोट राहतं. तेच झालंय. आपल्याकडच्या पुरुषाने कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत ठेवावा. शिंप्याची टेप घे, बेंबीच्या पातळीला मोज. मधुमेह आणि हृदयाच्या दृष्टीने त्या मशिनपेक्षा ही टेप जास्त खरं बोलते.

अश्वगंधा आणि गोखरू यांचं थोडक्यात. गोखरूवर तरुण पुरुषांमध्ये नीट प्रयोग झालेत, टेस्टोस्टेरॉनमध्ये काही फरक पडला नाही. अश्वगंधेवर छोटे प्रयोग आहेत, काहींत थोडी वाढ दिसते, बहुधा ताण आणि झोप सुधारल्यामुळे. पण काही लोकांच्या यकृताला इजा झाल्याचंही नोंदलं गेलंय. उपाशी माणसाला दोन्हींचा उपयोग नाही. ते पैसे अंड्यांत घाल.

आणि अंडं आख्खं खा. पिवळा बलक टाकणं आजपासून बंद. चरबी अगदी कमी केलेल्या जेवणाने टेस्टोस्टेरॉन थोडं खालीच येतं. कॅलरी दोन-तीन आठवड्यांत हळूहळू २४०० च्या आसपास ने. भाकरी-भात परत आण. प्रथिनं किलोमागे १.६ ग्रॅम, म्हणजे तुला ११० ग्रॅम पुरे. चार अंडी, दीडशे ग्रॅम शिजलेलं चिकन, अर्धा लिटर दूध किंवा दही, वाटीभर मटकीची उसळ, मूठभर शेंगदाणे आणि चार भाकऱ्या, यात ती निघतात. डब्याला महागडी पावडर लागत नाही. वजन दोन-तीन किलो वाढेल, त्यातलं बरंचसं पहिल्या आठवड्यांत नुसतं पाणी असेल. घाबरून परत १४०० वर जाऊ नकोस. मला भीती आहे ती तिथेच.

व्यायाम आठवड्यातून चार दिवस कर, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात तीन. रात्रपाळीहून आल्यावर आधी झोप, जिम नंतर. खिडकीला जाड काळा पडदा, फोन दुसऱ्या खोलीत, दारावर पाटी. पहाटे तीननंतर चहा नको. दुपारी उठलास तरी पाळीला जाण्याआधी पुन्हा तास-दीड तास पड. वस्तादांनी हेच सांगितलं असतं.

साधारण दहा आठवड्यांनी परत रक्त दे. तिसऱ्या पाळीच्या लगेच नंतर नाही. पाच-सहा रात्री नीट झोपल्यावर, सुटीच्या दिवशी, उठल्यावर दोन-तीन तासांत, उपाशीपोटी. आणि काही दिवसांनी पुन्हा एकदा तसंच. दोन्ही वेळा पट्ट्याच्या खाली आलं आणि लक्षणं तशीच असली, तर संप्रेरकांच्या तज्ज्ञाकडे जा. ते एलएच, एफएसएच, प्रोलॅक्टिन ही संप्रेरकं आणि वाहक प्रथिन तपासतील. एलएच वाढलेलं असेल तर दोष वृषणांत, कमी असेल तर वरून येणाऱ्या हुकमात. वयात आल्यावर कधी गालगुंड होऊन वृषणं सुजली होती का, हे आईला विचारून ठेव. खरी कमतरता निघाली तर तिच्यावर उपचार आहेत, आणि मूल हवं असेल तर डॉक्टर टेस्टोस्टेरॉन न देता तुझा आतला कारखाना चालू करणारी औषधं देतात. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि साखर मात्र याच आठवड्यात बघून घे. ती वाट पाहायची गोष्ट नाही. डोकेदुखीबरोबर नजर अधू होत असेल, छातीला गाठ जाणवत असेल, दाढी विरळ होत असेल किंवा वृषणं लहान झाल्यासारखी वाटत असतील, तरीही दहा आठवडे थांबू नकोस.

बायकोला सांग. दोन महिने तू लांब लांब राहतोयस, आणि तिला कारण माहीत नाही. कारण माहीत नसलेली बाई दोष स्वतःत शोधते, हे मी माझ्या टेबलाच्या पलीकडे बसलेल्या कितीतरी जणींच्या तोंडून ऐकलंय. हे पत्र तिला वाचायला दे, हवं तर. तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात दुपारी घरात शांतता कोण राखणार आहे? आणि भाकरी परत सुरू होणार हे ऐकून तिला आनंदच होईल.

सहा हजार. माग ते परत, एकदाच, शांतपणे. दिले तर घे. नाही दिले, तर त्यांच्यासाठी त्या जिममध्ये दुसऱ्यांदा जाऊ नकोस, कारण दुसऱ्या खेपेला तो 'पैसे गेलेच आहेत, तर एक घेऊन तर बघ' म्हणेल, आणि थकलेल्या माणसाला ते पटतं. बुडू देत. दुसरी जिम शोध, आणि दहा आठवड्यांनी दोन्ही रिपोर्ट मला पाठव.